एका गावाचा संघ : स्पार्टाक तृनावा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मयावर ऐकता, अर्थकारणावर ऐकता, परराष्ट्रनीतीवर ऐकता. त्या मानाने आजचा विषय काहीसा पोरखेळाचा वाटण्याजोगा आहे. मध्य युरोपातल्या स्लोव्हाकिया नावाच्या लहानशा देशात तृनावा नावाचे एक गाव आहे. त्या गावाचा फुटबॉलचा एक संघ आहे. आणि त्या संघाचा शंभर वर्षांचा इतिहास मी आपणांपुढे मांडणार आहे. कोणी म्हणेल, याचे आम्हांला काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मी शेवटावर ठेवीत नाही. लहान गावाला मोठे होता येते काय, आणि होता येत असेल तर त्याची किंमत कोणी मोजायची, हा तो विषय आहे. चेंडू केवळ निमित्त आहे.

प्रथम नावाविषयी. इंग्रज मनुष्य हे नाव लिहिताना टी, आर, एन अशी तीन व्यंजने एकापुढे एक मांडतो आणि उच्चारताना अडखळतो. आपल्याला अडखळण्याचे कारण नाही. आपल्या वर्णमालेत ऋकार आहे. 'तृनावा' असे लिहिले की काम झाले. आणि गंमत अशी की, हे केवळ उच्चाराचे साम्य नव्हे. स्लाव्ह भाषांत या धातूपासून झालेल्या शब्दाचा अर्थ काटा किंवा काटेरी झुडूप असा आहे. इंग्रजीतला 'थॉर्न' तोच. आणि आपल्या संस्कृतातले 'तृण' हे त्यांचेच भावंड, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे ज्या गावाला आपण परके समजतो, त्याच्या नावाशी आपले सोयरेपण काही हजार वर्षांचे आहे. हंगेरियन लोक याच गावाला 'नाज्सोम्बात' म्हणतात. त्याचा अर्थ 'मोठा शनिवार'. शनिवारी तेथे बाजार भरत असे, म्हणून हे नाव. काट्यांचे बन आणि शनिवारचा बाजार, यांतून उभे राहिलेले हे गाव.

परंतु बाजाराचे गाव म्हणून त्याला कमी लेखू नका. १२३८ साली हंगेरीचा राजा चौथा बेला याने तृनावाला मुक्त राजनगराची सनद दिली. आजच्या स्लोव्हाकियाच्या भूमीत असा मान मिळालेले हे पहिले नगर. सोळाव्या शतकात तुर्कांनी एस्तरगोम जिंकले, तेव्हा हंगेरीचे मुख्य धर्मपीठ तेथून निघाले आणि तृनावात येऊन राहिले. ते तेथे १८२० पर्यंत होते. १६३५ मध्ये कार्डिनल पाझमानी याने येथे विद्यापीठ स्थापन केले. तटबंदीच्या आत देवळांची एवढी दाटी झाली की, लोक गावाला 'धाकटे रोम' म्हणू लागले.

मग एकेक गोष्ट निघून गेली. १७७७ मध्ये विद्यापीठ बुडाला हलवले. आज बुडापेस्टचे जे मोठे विद्यापीठ आहे, ते मूळचे हे. १८२० मध्ये धर्मपीठ परत एस्तरगोमला गेले. गावात राहिली देवळे, तट, धान्याचा व्यापार, आणि पुढे साखरेचा कारखाना. आगगाडी मात्र लवकर आली. ब्रातिस्लावाहून घोड्यांनी ओढायची लोहमार्गाची गाडी १८४६ मध्ये तृनावाला पोचली. पण आगगाडी ही दोन्ही दिशांना धावते, हे आपण जाणतोच. पन्नासएक किलोमीटरवर ब्रातिस्लावा वाढत गेले, राजधानी झाले. तृनावा तिच्या सावलीत राहिले. ज्याच्याजवळचे सर्व मोठेपण इतरांनी उचलून नेले, अशा गावाच्या मनात एक सल असतो. तो सल ध्यानात ठेवला नाही, तर पुढचा इतिहास केवळ गोलांची जंत्री होईल.

आता क्लबाकडे वळू. ३० मे १९२३ रोजी गावातली दोन लहान मंडळे एकत्र आली आणि 'रापिड' नावाचा क्लब निघाला. त्या दोहोंतल्या एका मंडळाच्या नावातच 'चेखिये' असा शब्द होता. त्याचे कारण राजकीय आहे. १९१८ मध्ये चेकोस्लोव्हाकिया हे राष्ट्र जन्मास आले, आणि स्लोव्हाक मुलखात शिक्षक, रेल्वेचे कामगार, कचेऱ्यांतले कारकून म्हणून पुष्कळ चेक मंडळी आली. सरकारी दप्तराबरोबर चेंडूही आला.

पुढे या क्लबाची नावे कशी बदलत गेली, ते पाहण्यासारखे आहे. १९३९ मध्ये राष्ट्र फुटले, हिटलरच्या छायेखाली वेगळे स्लोव्हाक राज्य झाले, चेक मंडळींना परत जावे लागले. त्याच वर्षी क्लबाचे नाव बदलून 'तेएसएस तृनावा' झाले. त्या राज्याने १९४२ मध्ये आपल्या सुमारे अठ्ठावन्न हजार ज्यू नागरिकांना गाड्यांत भरून मृत्यूच्या छावण्यांकडे पाठवले. तृनावातही ज्यूंची जुनी वस्ती होती, दोन प्रार्थनामंदिरे होती. इमारती राहिल्या, माणसे फारशी परतली नाहीत. खेळाच्या इतिहासात ही गोष्ट कशाला, असे वाटेल. परंतु मैदानाच्या कडेला जो समाज उभा असतो, त्यातून काही घराणी एकाएकी नाहीशी होतात, तेव्हा तो क्लबाचाही इतिहास असतो.

१९४८ मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले. सर्व क्रीडामंडळे एका 'सोकोल' संघटनेत कोंबण्यात आली, आणि आपला क्लबही 'सोकोल' झाला. १९४९ मध्ये तो 'कोव्होस्माल्ट' झाला. 'कोव्ह' म्हणजे धातू, 'स्माल्ट' म्हणजे एनॅमल. गावातल्या भांड्यांच्या कारखान्याचे ते नाव. १९५३ मध्ये सरकारने धंद्यांनुसार क्रीडासंघटना पाडल्या. खाणकामगारांची 'बानिक', रेल्वेवाल्यांची 'लोकोमोतिव्हा', आणि यंत्रकारखान्यांची 'स्पार्टाक'. रोमच्या सत्तेविरुद्ध उठलेल्या गुलामाचे, स्पार्टाकसचे, हे नाव. 'धाकट्या रोम'च्या संघाला रोमविरुद्ध उठलेल्या बंडखोराचे नाव मिळावे, यात इतिहासाचा थोडा विनोद आहे. सरकारने दिलेली बहुतेक नावे सरकारबरोबर गेली; हे एक मात्र लोकांनी आपलेसे केले, आणि ते आजही टिकून आहे. १९६७ पासून मागे कारखान्याचे नवे नाव जोडले गेले. भांड्यांचा कारखाना आता 'तृनावा मोटार कारखाना', म्हणजे 'ताझ', झाला होता.

तेव्हाचा फुटबॉल नावाला हौशी होता. खेळाडू कागदोपत्री कारखान्याचे नोकर असत. मोठे कारखाने, लष्कर आणि पोलीस ज्यांच्या पाठीशी, ते संघ मोठे. साहजिकच अजिंक्यपद बहुधा प्रागमध्ये राही. १९६० मध्ये ह्रादेत्स क्रालोव्हे या चेक गावाने ते एकदा पटकावले होते. स्लोव्हाक बाजूला मात्र ब्रातिस्लावाच्या संघांखेरीज कोणीही चेकोस्लोव्हाक साखळीचे अजिंक्यपद मिळवलेले नव्हते. खेड्यापाड्यांत गुणी मुलगा दिसला की राजधानी त्याला उचलणार, हा रिवाज सर्व देशांत सारखाच आहे.

हा रिवाज मोडण्याचे काम ज्याने केले, त्याचे नाव अन्तोन मालातिन्स्की. १९२० मध्ये तृनावातच जन्मलेला हा खेळाडू पुढे प्रशिक्षक झाला. १९६३ पासून त्याच्या हाती दुसऱ्यांदा संघ आला, आणि पाच वर्षांत त्याने गावगाड्यातल्या मंडळींतून युरोपच्या तोडीचा संघ उभा केला. त्यातले लोक कोठले होते, ते पाहा. योझेफ आदामेत्स हा व्रबोव्हे नावाच्या गावचा. व्रबोव्हे तृनावापासून काही कोसांवर आहे. लादिस्लाव्ह कुना हा ह्लोहोव्हेत्सचा. तेही तसेच शेजारी. कारोल दोबियाश मात्र जरा दुरून, हांद्लोव्हा या कोळशाच्या खाणींच्या गावातून आला. आदामेत्सला लष्करी सेवेच्या काळात प्रागच्या दुक्ला संघाने खेळवले होते, आणि १९६२ च्या विश्वचषकात उपविजेत्या ठरलेल्या चेकोस्लोव्हाक चमूतही तो होता. राजधानीची हवा लागलेला तो मनुष्य गावी परतला आणि चार वेळा देशातला सर्वांत अधिक गोल करणारा खेळाडू ठरला. परतणे ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गाव मोठे होते ते जाणाऱ्यांच्या कर्तबगारीने नव्हे; त्यांचे नुसते सत्कार होतात. गाव मोठे होते ते परतणाऱ्यांमुळे.

१९६७ मध्ये संघाने देशाचा चषक जिंकला, आणि मध्य युरोपीय देशांच्या मित्रोपा चषकात अंतिम फेरीत हंगेरीच्या उय्पेश्तला हरवले. १९६८ मध्ये साखळीचे अजिंक्यपद आले. गावाची वस्ती तेव्हा चाळीस हजारांच्या आसपास. प्राग मागे पडले, ब्रातिस्लावाचा स्लोव्हान दुसऱ्या क्रमांकावर राहिला. ज्या गावाचे विद्यापीठ गेले, धर्मपीठ गेले, त्या गावात दीडदोनशे वर्षांनी असे काही आले, जे राजधानीला हवे होते आणि मिळाले नाही.

आता १९६८ हे साल आपणांपैकी पुष्कळांना दुसऱ्याच कारणासाठी ठाऊक असेल. त्या वर्षीचा 'प्रागचा वसंत' जगात गाजला. आलेक्सांदर दुब्चेक हा स्लोव्हाक पुढारी पक्षाचा मुख्य झाला होता. हाच दुब्चेक महायुद्धानंतर काही काळ तृनावाच्या यीस्टच्या कारखान्यात कामाला होता. वृत्तपत्रांवरील नियंत्रणे गेली होती, माणसे मोकळेपणी बोलू लागली होती. २३ जून रोजी ब्रातिस्लावात चेकोस्लोव्हाकियाने ब्राझीलला ३–२ असे हरवले, आणि ते तिन्ही गोल एकट्या आदामेत्सचे होते. पुढे दोन महिनेही झाले नाहीत, तोच २० ऑगस्टच्या रात्री सोव्हिएत रशिया आणि त्याच्या दोस्त राष्ट्रांचे रणगाडे सरहद्द ओलांडून आत आले.

तृनावाचा संघ त्याच हंगामात प्रथमच युरोपीय अजिंक्यवीरांच्या चषकात उतरणार होता. रणगाड्यांचा परिणाम तेथेही झाला. स्कॉटलंडच्या सेल्टिकने, आणि आणखी काहींनी, आक्रमक देशांच्या संघांशी खेळण्यास हरकत घेतली. युरोपीय संघटनेने पूर्व आणि पश्चिम वेगळे करून पुन्हा सोडत काढली. त्यावर रागावून रशिया, पोलंड, हंगेरी, बल्गेरिया व पूर्व जर्मनी या पाच देशांनी आपले संघ काढून घेतले. हे पाच देश कोणते, ते ध्यानात घ्या. आक्रमण करणारी बाजू तीच. रुमानियाने आक्रमणात भाग घेतला नव्हता, म्हणून त्याचा स्तेआवा संघ स्पर्धेत राहिला. आणि तृनावाची पहिली गाठ त्याच्याशीच पडली.

बुखारेस्टमध्ये तृनावा ३–१ असे हरले. घरी येऊन त्यांनी ४–० असा सामना जिंकला. नंतर फिनलंडच्या राइपास संघावर नऊ आणि सात असे गोल चढवले. उपान्त्यपूर्व फेरीत अथेन्सच्या एईकेला २–१ असे हरवून दुसरा सामना १–१ असा सोडवला. आणि मार्च १९६९ मध्ये हे गाव युरोपातल्या पहिल्या चारांत जाऊन बसले. इतर तीन कोण होते? मिलान, मँचेस्टर युनायटेड, आणि आम्सटरडॅमचा आयाक्स!

१३ एप्रिल १९६९ रोजी आम्सटरडॅममध्ये आयाक्सने तृनावाला ३–० असे हरवले. त्या संघात योहान क्रायफ होता, प्रशिक्षक रीनुस मिखेल्स होता. पुढे १९७१ ते १९७३ अशी ओळीने तीन वर्षे हाच चषक जिंकणारा तो आयाक्स. परतीचा सामना तृनावात २४ एप्रिलला ठरलेला होता.

या दोन तारखांच्या मध्ये अकरा दिवस आहेत. त्या अकरा दिवसांत, १७ एप्रिलला, प्रागमध्ये पक्षाच्या मध्यवर्ती समितीची बैठक झाली आणि दुब्चेकला दूर करण्यात आले. त्याच्या जागी गुस्ताव्ह हुसाक आला. वसंत अधिकृतपणे संपला. पुढच्या वीस वर्षांच्या कालखंडाला तेथे 'नॉर्मलिझात्सिया' म्हणतात. म्हणजे सर्व काही पूर्ववत करणे. शब्द किती सोज्ज्वळ आहे पाहा!

नंतर एका आठवड्याने तृनावाच्या मैदानावर, जुन्या तटाच्या भिंतीला लागून असलेल्या त्या क्रीडांगणावर, सामना झाला. पूर्वार्धात कुनाने एक गोल केला. उत्तरार्ध सुरू होऊन थोडा वेळ झाला तोच त्याने दुसरा केला. आणखी एक झाला असता, तर हिशेब बरोबरीत आला असता. अर्ध्या तासाहून अधिक वेळ हाताशी होता, पण तो तिसरा गोल झाला नाही. २–० असे जिंकून तृनावा एकंदरीत ३–२ असे हरले. अंतिम सामन्यात माद्रिदला आयाक्स गेला, आणि मिलानकडून ४–१ असा हरला.

त्या संध्याकाळी लोकांच्या मनात काय होते, याविषयी मी काही कथा रचून सांगणार नाही. क्रीडांगणावरच्या विजयाला राजकीय क्रांतीचा अर्थ चिकटवणारे पुष्कळ असतात. मी त्यांतला नव्हे. दोन गोलांनी एकही रणगाडा परत गेला नाही. तरीही एवढे म्हणता येईल की, ज्या आठवड्यात त्या देशातल्या माणसांना कळून चुकले की आपल्या हाती काही उरले नाही, त्या आठवड्यात एका चाळीस हजारांच्या गावाने युरोपच्या एका बलाढ्य संघाला स्वतःच्या अंगणात हरवले. हातातून सर्व गेलेले नाही, असे वाटण्यास एवढेही कधी कधी पुरते. त्याच वसंतात, २१ मे रोजी, शेजारच्या ब्रातिस्लावाच्या स्लोव्हानने बासेलमध्ये बार्सेलोनाला ३–२ असे हरवून युरोपचा चषकविजेत्यांचा चषक जिंकला. पन्नास किलोमीटरच्या टापूतल्या दोन संघांनी एका मोसमात केलेला हा पराक्रम आहे.

या सामन्यांच्या वेळी मालातिन्स्की संघाबरोबर नव्हता. पहिले अजिंक्यपद मिळवून तो ऑस्ट्रियात प्रशिक्षक म्हणून गेला होता, आणि यान हुत्स्को संघ सांभाळीत होता. हुत्स्कोच्या हाताखाली १९६९ चे अजिंक्यपदही आले. पुढे १९७१, १९७२ आणि १९७३. सहा वर्षांत पाच अजिंक्यपदे! १९६९ मध्ये कुना, आणि १९७० व १९७१ मध्ये दोबियाश, हे देशातले सर्वोत्तम खेळाडू ठरले. १९७३ मध्ये इंग्लंडच्या डर्बी काउंटीला तृनावात १–० असे हरवले, पण डर्बीत ते २–० असे हरले. १९७४ मध्ये उय्पेश्तशी दोन्ही सामने १–१ असे सुटले आणि पेनल्टींवर हार पत्करावी लागली. त्यानंतर तो जोर ओसरला. १९७६ मध्ये बेलग्रेडला चेकोस्लोव्हाकियाने पश्चिम जर्मनीला हरवून युरोपचे अजिंक्यपद मिळवले. पेनल्टी मारणाऱ्या पानेंकाचे नाव जगाने लक्षात ठेवले, पण त्या सामन्यातला चेकोस्लोव्हाकियाचा दुसरा गोल तृनावाच्या दोबियाशचा होता.

मंडळी, येथवर ही गौरवगाथा झाली. गौरवगाथा सांगून थांबणे सोपे असते, टाळ्याही मिळतात. परंतु मला एक अवघड प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हा संघ इतकी वर्षे एकत्र कसा राहिला?

गावावर प्रेम, हे उत्तर खरे आहे. मात्र ते अपुरे आहे. दुसरे उत्तर असे की, दार बंद होते. ऑक्टोबर १९६९ मध्ये सरकारने पश्चिमेकडे जाण्याची वाट जवळजवळ बंद केली. आदामेत्स, कुना, दोबियाश यांच्यासारखे खेळाडू इटलीत किंवा स्पेनमध्ये असते, तर श्रीमंत झाले असते. त्यांना जाता येत नव्हते. दोबियाश बेल्जियमच्या लोकेरेन क्लबाकडे गेला तो १९८० मध्ये, वयाची तिशी उलटल्यावर. म्हणजे तृनावाच्या वैभवाच्या पायात दोन दगड आहेत. एक आहे आपुलकीचा, आणि दुसरा आहे तुरुंगाच्या भिंतीचा. दोन्ही इतके एकमेकांत बसलेले आहेत की, कोणता कोठे संपतो ते सांगणे कठीण. गावाला जे मिळाले, त्याची किंमत त्या माणसांनी आपल्या मोकळेपणाने मोजली. आणि ती त्यांना विचारून घेतलेली नव्हती.

१९८९ च्या नोव्हेंबरात ती भिंत पडली. १९९३ च्या पहिल्या दिवशी चेक आणि स्लोव्हाक वेगळे झाले. १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाने बोस्मान या बेल्जियन खेळाडूच्या खटल्यात निकाल दिला, आणि करार संपलेला खेळाडू युरोपीय संघराष्ट्रांत कोठेही विनामोबदला जाण्यास मोकळा झाला. २००४ मध्ये स्लोव्हाकियाही त्या संघराष्ट्रांत सामील झाला. खेळाडूला न्याय मिळाला, यात शंका नाही. परंतु लहान गावाच्या क्लबाजवळ मग उरले काय? कारखान्याचा आधार तुटला होता. ज्या 'ताझ'मधून एके काळी माल वाहण्याच्या मोटारी बाहेर पडत, त्याचे जुने वैभव राहिले नाही. पुढे २००६ मध्ये गावाबाहेर फ्रेंच प्यूजो कंपनीचा कारखाना सुरू झाला, पण तो काही क्लबाचा मायबाप नव्हे. मुलगा गावात वाढतो, विशीच्या आत चमकतो, आणि बाहेर जातो. १९९७ मध्ये अजिंक्यपद एका गुणाने हुकले. कोशित्से पहिले आले. १९९८ मध्ये पुन्हा दुसरा क्रमांक. चषक तेवढा मिळाला.

१९७३ नंतर तृनावाला अजिंक्यपद मिळाले ते २०१८ मध्ये. पंचेचाळीस वर्षे! ज्या तरुणाने वडिलांच्या खांद्यावर बसून १९७३ चा उत्सव पाहिला असेल, तो आता स्वतः आजोबा होण्याच्या वयात आला. मधल्या काळात क्रीडांगण नव्याने बांधले गेले. २०१५ पासून ते नव्या रूपात उभे आहे, त्याला लागून दुकानांची मोठी पेठ आहे, आणि क्रीडांगणाला नाव आहे अन्तोन मालातिन्स्कीचे. २०१८ च्या संघाचा प्रशिक्षक नेस्तोर एल माएस्त्रो हा बेलग्रेडमध्ये जन्मून इंग्लंडात वाढलेला मनुष्य होता. खेळाडूंत अनेक देशांचे लोक होते. त्याच वर्षी शरदात युरोपा लीगमध्ये तृनावाने बेल्जियमच्या आंदरलेख्तला आणि तुर्कस्तानच्या फेनेरबाख्चेला आपल्या मैदानावर प्रत्येकी १–० असे हरवले. योझेफ आदामेत्स हे पाहायला हयात होता. २४ डिसेंबर २०१८ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, तो वारला. गावाने मुकुट परत मिळवला, तो पाहून तो गेला.

आता १९६८ चा आणि २०१८ चा, हे दोन संघ शेजारी ठेवून पाहा. पहिला संघ जवळपास सहा वर्षे टिकला. दुसऱ्याचा प्रशिक्षक अजिंक्यपद मिळवून त्याच उन्हाळ्यात सोफियाच्या क्लबाकडे निघून गेला. २०१९ पासून २०२५ पर्यंतची सातही अजिंक्यपदे ब्रातिस्लावाच्या स्लोव्हानने जिंकली. तृनावाने २०१९, २०२२, २०२३ आणि २०२५ मध्ये चषक मिळवला, हे खरे. साखळीत मात्र पैशाचे बळ बोलते. राजधानी पुन्हा राजधानी झाली आहे.

मग काय, पहिला काळ बरा होता असे म्हणायचे? तसे म्हणणारे त्या देशात भेटतात, आणि आपल्याकडेही निराळ्या संदर्भात भेटतातच. मी तसे म्हणणार नाही. दार बंद करून माणसे जवळ ठेवता येतात, हे काही गावाचे सामर्थ्य नव्हे. ज्याला जाता येत नाही, त्याच्या राहण्याला निष्ठा म्हणता येत नाही. निदान नुसती निष्ठा म्हणता येत नाही. निष्ठेची परीक्षा दार उघडल्यावर होते. आणि दार उघडल्यावर तृनावात काय उरले, हे पाहिले तर एक गोष्ट दिसते. खेळाडू गेले, प्रशिक्षक गेले, कारखाना गेला. प्रेक्षक गेले नाहीत. पंचेचाळीस वर्षे ज्यांना अजिंक्यपद दिसले नाही, ते लोक मुलांना घेऊन त्याच तटाजवळच्या मैदानावर येत राहिले. त्यांना पन्नास किलोमीटरवर अधिक यशस्वी संघ मिळत होता. गाडी होती, वाट मोकळी होती. ते गेले नाहीत. बंद दाराआडची निष्ठा खेळाडूंची होती, तिच्याविषयी शंका घेता येते. ही प्रेक्षकांची निष्ठा उघड्या दारातली आहे. तिच्याविषयी शंका घेता येत नाही.

लहान गावाला मोठे होता येते काय, असा प्रश्न मी आरंभी घातला. माझे उत्तर असे आहे. शिखरावर जाणे हे पुष्कळदा परिस्थितीच्या हाती असते. एखादा मालातिन्स्की जन्मावा लागतो, एखादा आदामेत्स परतावा लागतो, आणि कधी कधी काळाचा अन्यायही उलट मार्गाने उपयोगी पडतो. शिखरावरून उतरल्यानंतर आपले ते आपले म्हणणे, हे मात्र केवळ गावाच्या हाती असते. तृनावाचे विद्यापीठ नेता आले, धर्मपीठ नेता आले, खेळाडूही नेता आले. शनिवारच्या बाजाराला जमावे तसे मैदानाभोवती जमणारे लोक कोणालाही नेता आले नाहीत. क्लब म्हणजे ते लोक.